आधी पाणी, मग मासा



गणेशोत्सवाच्या या मंचावर गाणी, नाटुकली होतात. यंदा कार्यकारिणीने आम्हा पती-पत्नीला घरच्या माशांवर बोलायला सांगितले. आपल्यापैकी अनेकांच्या दिवाणखान्यात आता काचेची पेटी आली आहे, म्हणून आम्ही धीर केला.

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो. लेकीच्या हट्टाखातर आम्ही दोन फुटी पेटी आणली. पाणी जेमतेम पन्नास लिटर. त्यात दोन एंजल, दोन निळे झीब्रा आणि बोटाएवढा एक ऑस्कर सोडला. सगळे सिक्लिड, एकाच कुळातले, तेव्हा गुण्यागोविंदाने नांदतील असा आमचा हिशेब. दोन महिन्यांत एंजलचे पर कुरतडले गेले आणि एक मेला. लेकीने विचारले, "आई, आपण यांना भांडायला आणलं होतं का?" आमच्याकडे उत्तर नव्हते. मग आम्ही शिकायला बसलो.

कुळ एक असले तरी गाव वेगळे. एंजल आणि ऑस्कर दक्षिण अमेरिकेतल्या अमेझॉनच्या खोऱ्यातले. तिथले पाणी बहुतेक मऊ, किंचित आम्लधर्मी. झीब्रा आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचा. तिथे पाणी जड, पीएच साधारण 7.8 ते 8.6. झीब्रा खडकावरचे शेवाळ खरवडून खातो, ऑस्कर मांसाहारी आणि वाढून फूटभर होतो. त्यांना एकत्र ठेवणे हा आमचाच अडाणीपणा.

म्हणून मासा निवडण्याआधी घरचे पाणी तपासावे. बादलीवर पांढरे डाग पडत असतील, साबणाला फेस येत नसेल, तर पाणी जड. पीएच तपासायचा संच दुकानात मिळतो.

पाणी जड आणि पेटी चार फुटी असेल, तर मलावीचे मासे घ्या. येलो लॅब त्यांतला सौम्य, नवशिक्यांना बरा. एका नरामागे तीन-चार माद्या ठेवा, म्हणजे एकाच मादीचा पिच्छा पुरवला जात नाही. दगड रचून भरपूर कपारी करा. खाणे शेवाळयुक्त द्या. मांसल खाण्याने यांची पोटे फुगतात. मादी अंडी तोंडात धरून सुमारे तीन आठवडे जवळजवळ उपाशी राहते. ते पाहिल्यावर आमची लेक भांडणे विसरली.

जड पाणी पण दोन फुटी पेटी असेल, तर टांगानिका सरोवरातले शंखात राहणारे चिमुकले सिक्लिड आणा. खाली वाळू, वर गोगलगायींचे रिकामे शंख, आणि पेटीत ही एकच जात.

पाणी मऊ असेल, तर उंच पेटीत एंजल आणि तळाशी कोरिडोरास ठेवा. निऑन टेट्रा मात्र नको. मोठा एंजल त्याला गिळतो. ऑस्करला मोठी पेटी एकट्यालाच द्यावी.

आणखी एक युक्ती. नवा मासा सोडण्यापूर्वी दगडांची जागा बदला. जुन्यांच्या हद्दी मोडतात आणि नव्याला थारा मिळतो.

आता शेवटचे आणि महत्त्वाचे. आमचा ऑस्कर पेटीत मावेना, तेव्हा एकाने सुचवले, "तळ्यात सोडून द्या, पुण्य लागेल." आम्ही सोडला नाही, सहा फुटी पेटी असलेल्या एका परिचितांकडे दिला. तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, हीसुद्धा सिक्लिडच. मोझांबिकची ही जात 1952 साली भारतात आणली गेली आणि आपल्या तळ्या-नद्यांत पसरून तिथल्या माशांना भारी पडली. भारताचे स्वतःचे सिक्लिड तीनच. गोव्याची काळुंदर त्यांतली एक. त्यांच्या पाण्यात आपण परका पाहुणा का घुसवावा?

विसर्जन बाप्पांचे करावे, माशांचे नको. घरी आणलेला जीव शेवटपर्यंत सांभाळायचा, एवढे ठरवूनच पेटी घ्या.

गणपती बाप्पा मोरया!