प्रवेश मिळाला, सोबत कोणाची?

(वेरूळ येथे स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात एका अभियंता मैत्रिणीने केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



सकाळी आपण सगळ्याजणी लेणी पाहून आलो. दहा नंबरच्या लेण्याला लोक ‘सुताराची झोपडी’ म्हणतात. आत बुद्धाची मूर्ती आहे, पण छताच्या दगडी फासळ्या लाकडी वाशांसारख्या दिसतात, म्हणून हे नाव. कैलास लेणं तर वरून खाली कोरत आणलेलं. तिथे जास्तीचा दगड उडाला तर तो परत बसवता येत नाही. हे करणारे अभियंतेच होते. पण हाताने राबणाऱ्याला आपल्या समाजाने खालचं ठरवलं आणि पुस्तक दुसऱ्याच्या हाती ठेवलं. राबणाऱ्यांच्या लेकी आज विज्ञान आणि इंजिनिअरिंग शिकायला निघाल्या आहेत. त्यांच्यासाठी कोण काय करतं आणि कुठे कमी पडतं, एवढंच मला बोलायचं आहे.

आधी माझं सांगते. मी दलित शेतमजूर कुटुंबातली. इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा वर्गात आम्ही तीन मुली होतो. आईने शेळी विकून ड्राफ्टर घेऊन दिला. स्कॉलरशिप मार्चमध्ये यायची, मेसचं बिल मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू. सरांनी विचारलेलं कळायचं, उत्तरही यायचं, पण इंग्रजीत तोंड उघडत नसे. ‘कोट्यातली’ हा शब्द रोज कानावर पडायचा. मी पहिल्याच वर्षी घरी परतले असते. थांबले ती एका सीनियर मुलीमुळे. तिने जुन्या वह्या दिल्या, रात्री गणितं समजावली आणि ऑफिसात माझ्यासोबत येऊन भांडली. शासनाने मला जागा दिली, त्या मुलीने मला त्या जागेवर टिकवलं.

कोणी म्हणेल, हुशार मुलगी कशीही पुढे जाते. कमला सोहोनींची गोष्ट आठवा. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना ‘मुलगी’ म्हणून प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या, तेव्हा अटी घालून घेतलं. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्यांनी उत्तर दिलं. पण त्यांचे वडील आणि काका स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते, त्याच संस्थेत शिकलेले. घरात एवढं पाठबळ असून त्यांना इतकं झगडावं लागलं. मग जिच्या घरात पहिली पदवी तीच मिळवणार आहे, तिने कोणाच्या बळावर अडून बसायचं?

हे बळ बाबासाहेबांनी ओळखलं होतं. १९५० साली त्यांनी औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज काढलं, तेच पुढे ‘मिलिंद’ झालं. नागसेनवनात वर्गखोल्यांबरोबर वसतिगृहंही उभी राहिली. पोरगं खेड्यातून येणार, त्याला झोपायला जागा आणि बोलायला माणूस लागणार, हा विचार त्यामागे होता.

आज सवलती आहेत, नाही असं नाही. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पण फी माफ झाली म्हणून खोलीभाडं, डबा आणि बस माफ होत नाही. दुसरीकडे, मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती अशा अल्पसंख्य संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंद केली. आपल्या जिल्ह्यात बौद्ध आणि मुस्लिम घरं किती आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि सोबत नसली की काय होतं, तेही आपण पाहिलं. २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला गेला. २०१९ मध्ये मुंबईत जळगावची डॉ. पायल तडवी गेली. त्याच वर्षी दोघांच्या आया, राधिकाताई आणि आबेदाताई, मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. एक आंध्रातली दलित, दुसरी खानदेशातली तडवी भिल्ल मुस्लिम. भाषा वेगळी, धर्म वेगळा. पण उच्च शिक्षणातला भेदभाव थांबवा, ही मागणी एकच. दोन आयांना जे जमलं, ते आपल्या संस्थांना का जमू नये?

संस्था काही कमी नाहीत. १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद मराठीतून विज्ञान सांगते. १९७३ साली मुंबईत भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना निघाली, तिने वाशीला वसतिगृह आणि पाळणाघर उभारलं. देशातल्या तीन विज्ञान अकादमी एकत्र येऊन विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात संशोधनाची फेलोशिप देतात. दलित, आदिवासी आणि मुस्लिम विद्यार्थ्यांच्या संघटना आहेत, आणि आपण आहोत. पण वैज्ञानिकांच्या संस्थेत ‘स्त्री’ म्हटलं की बहुधा शहरातली, इंग्रजी बोलणारी बाई डोळ्यांपुढे येते. विद्यार्थी संघटनेत ‘विद्यार्थी’ म्हटलं की मुलगा. आणि आपल्या डोळ्यांपुढे पीडित बाई येते, इंजिनिअर होऊ पाहणारी मुलगी येत नाही. दलित मैत्रिणींनी आपल्याला हे ऐकवलं होतं. १९९५ मध्ये राष्ट्रीय दलित महिला महासंघ उभा राहिला तो याचसाठी. तिघांच्या मध्ये जी मुलगी सुटते, तीच सगळ्यांत एकटी.

अमेरिकेत हा पेच आधी आला. तिथे स्त्री अभियंत्यांची संस्था १९५० ची. हिस्पॅनिक अभियंत्यांची १९७४ ची, कृष्णवर्णीय अभियंत्यांची १९७५ ची, तीही विद्यार्थ्यांनी काढलेली. मूलनिवासींची १९७७ ची. प्रत्येकीची चूल वेगळी. कृष्णवर्णीय मुलीने कुठे जायचं? पुढे या चौघींनी हातमिळवणी केली आणि २०२५ पर्यंत स्त्रिया आणि वंचित गटांतले मिळून दरवर्षी ५० हजार अभियंते घडवायचे, असं ठरवलं. आकडा बाजूला ठेवू. त्यातून घ्यायचं ते इतकंच, की नाव आणि झेंडा आपापला ठेवूनही काम एकत्र करता येतं.

मग आपण काय करायचं? तीन कामं सुचवते.

एक, तालुक्यातल्या बारावी विज्ञानच्या मुलींची यादी आपल्या गटांनी करावी. घराघरांत आपणच जातो, अकादमी जात नाही. विज्ञान परिषद आणि महिला वैज्ञानिकांना पत्र लिहून प्रत्येक मुलीमागे एक जाणती बाई मागावी. महिन्यातून एक फोन झाला तरी चालेल.

दोन, स्कॉलरशिप येईपर्यंतच्या महिन्यांसाठी उसना निधी ठेवावा. बचतगट चालवणाऱ्या बायांना हा हिशेब शिकवावा लागत नाही.

तीन, २०१३ च्या कायद्यानुसार कॉलेजच्या लैंगिक छळविरोधी समितीत बाहेरच्या संस्थेची प्रतिनिधी लागते. आपल्यापैकी काहीजणी तिथे बसतातच. बसल्यावर जातीचंही विचारा. भेदभावाविरुद्धच्या तक्रारीसाठी अधिकारी आणि समान संधी कक्ष असावा, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये सांगितलं होतं. तुमच्या कॉलेजात तो कक्ष कोणत्या खोलीत आहे, एवढं विचारून पाहा.

माझी ती सीनियर मुलगी योगायोगाने भेटली. आपल्या मुलींना ती योगायोगाने भेटू नये, ठरवून भेटावी. दुपारच्या गटचर्चेत या यादीची पहिली पाच नावं लिहूनच उठू या.