शिक्षेनंतरचा न्याय



सन १९३९ मध्ये तत्कालीन औंध संस्थानातील आटपाडीनजीक स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत स्थापन झाली. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचा आश्रय व मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची प्रेरणा तिला लाभली. तेथे कैदी कुटुंबासह राहून शेती करीत. या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली व १९५७ साली व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निघाला.

विश्वास टाकल्याने मनुष्य सावरतो, हा त्यातील बोध. अपराध्यास शासन व्हावे. ज्याची हानी झाली त्याची भरपाई तर आधी व्हावी. परंतु शिक्षा भोगून परतलेल्याची वाट अडविण्याचा अधिकार समाजास नाही. त्याच्या बायकामुलांनी तर कोणताच अपराध केलेला नसतो.

माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. एका विद्यार्थ्याचा बाप तुरुंगात गेला. मुले त्याच्या शेजारी बसेनात, म्हणून मी त्यास एकट्यास मागील बाकावर बसविले. वर्गात शांतता झाली. मुलगा मात्र पंधरा दिवसांत शाळा सोडून गेला. मी त्याच्या घरी चौकशीसही गेलो नाही. ती शिक्षा त्यास कोणत्या न्यायालयाने दिली होती?

आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ हा रकाना आहे. तो कोरा ठेवून एखाद्या मुलाचा अर्ज आला, तर कारण न विचारता तो स्वीकारावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.