हिवतापाची वाट



आपल्या पाथरी तालुक्याला लागून वाहणारी गोदावरी पुढे तेलंगणातून गडचिरोली जिल्ह्याच्या सीमेवर जाते. सिरोंच्याजवळ तिला प्राणहिता मिळते. त्या भागातील अरण्य हे हिवतापाचे जुने आणि चिवट ठाणे आहे. नदी एकच, मग ताप तिकडेच मुक्काम का करून राहिला, आणि तो इकडे येईल काय?

२० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले, ते सिकंदराबादला. म्हणजे पाथरी तेव्हा ज्या निजामाच्या राज्यात होते, त्याच राज्यात. त्यातून उलगडलेली गोष्ट साधी आहे. अॅनॉफिलीस जातीची मादी रोग्याचे रक्त पिते. जंतू तिच्या अंगात साधारण दहा ते चौदा दिवस वाढतात आणि मग तिच्या दंशाने निरोगी माणसात उतरतात. म्हणजे रोगाला तीन गोष्टी लागतात: जंतू बाळगणारा माणूस, डास आणि पाणी.

अरण्यात या तिन्हींची कधी वाण पडत नाही. ओढ्याच्या संथ कडेला डास वाढतात. वारंवार ताप सोसलेल्या कित्येकांच्या रक्तात जंतू असतात, पण अंगात ताप नसतो. मग औषध कोण घेणार? भिंतीवर फवारा मारावा, तर सणाला घर सारवले की औषध शेणमातीखाली जाते. शिवाय रात्र कित्येकदा शेतावरच्या मांडवात जाते.

आता आपल्याकडे पाहा. जायकवाडीच्या कालव्याने पाणी आले, ते भाग्यच. पण पाझराच्या डबक्यांत डासही आले. तिसरी गोष्ट तेवढी दूर आहे आणि मजुरी, नोकरी, व्यापार यांच्या निमित्ताने माणूस तर नित्य ये-जा करतो. म्हणून परत आलेल्या तापकऱ्याला दूर लोटू नका. त्याचे रक्त त्याच दिवशी तपासून घ्या आणि ताप उतरला तरी गोळ्यांचा क्रम पुरा करवा. लपविलेला रोगीच गावाला महाग पडतो.

गाफीलपणाची किंमत देशाने एकदा मोजली आहे. १९५३ साली हिवताप नियंत्रणाची मोहीम सुरू झाली, तेव्हा वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोक आजारी पडत आणि आठ लाख दगावत, असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रोग्यांची नोंद लाखाच्या आसपास आली. आपण जिंकलो, असे वाटले. पहारा ढिला पडला, डासही डीडीटीला सरावले. आणि १९७६ साली नोंद चौसष्ट लाखांवर गेली!

आज चैत्र आहे, डबकी कोरडी आहेत. मृगाच्या पावसाआधी ती बुजवणे सोपे. नंतर डासांमागे धावणे कठीण. आठवड्यातून एक दिवस घरातील पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी करावीत. अरण्यातला ताप अरण्यातच बरा करण्यासाठी सरकारने पैसा आणि माणसे द्यावीत, असा आग्रहही आपण धरला पाहिजे. तिथली पोरे निरोगी राहिली, तर इथली राहतील.