लुगडे विणले कुणी?



आम्ही यंत्रमागाच्या कामगारांत उमेद घालविलेली माणसे. शाळा चौथीत सुटली. पुढले शिक्षण वाचनालयात आणि फाटकावरच्या सभांत झाले. एकदा विट्यास कांड्या भरणाऱ्या बायकांना आम्ही पेशवाईतल्या पैठण्यांचे वर्णन सांगत होतो. एका म्हातारीने मध्येच विचारले, "दादा, नेसलं कोण ते कळलं. विणलं कुणी?" अठराव्या शतकातील स्त्रियांच्या वेषावर आज जे बोलणार, ते त्या प्रश्नाला धरूनच.

१७०८ साली शाहू महाराजांना साताऱ्यास राज्याभिषेक झाला. वाईस रास्ते, मिरजेस पटवर्धन अशी घराणी नांदू लागली. वाडे वाढले तशी भरजरी वस्त्रांची मागणी वाढली. पैठणीची बुट्टी उठविताना रंगारंगांचे आडवे धागे हाताने एकमेकांत अडकवितात, म्हणून ती उलटसुलट सारखीच दिसते. एकेका लुगड्यापायी विणकराचे महिनेच्या महिने जातात.

त्याच शतकात पॅरिसच्या दरबारी बायका कमरेच्या दोन्ही अंगांस सांगाडे बांधून त्यांवर झगा पसरीत. दारातून जाताना आडवे व्हावे लागे. ही बाई हाताने काम करीत नाही, हे तो पोशाखच सांगे. आपले नऊवारी तसे नव्हे. काष्टा घातला की सरदाराघरची बाई घोड्यावर बसे आणि कुणबीण भांगलणीला जाई. भेद असे तो सुताचा, रंगाचा, जरीचा. पण एवढ्यावरून आपण फुशारकी मारू नये. त्याच काळी ब्राह्मण विधवेच्या वाट्याला आलवण येत होते.

आपल्या देशाची छीट तेव्हा युरोपात फार खपे. तेथल्या विणकरांचा धंदा बुडू लागला. फ्रान्सने १६८६ पासून १७५९ पर्यंत तिच्यावर बंदी घातली. इंग्लंडने १७२१ साली ती वापरण्यावर कायदा केला. त्याआधी, १७१९ साली, लंडनच्या विणकरांनी छिटाचे झगे घातलेल्या बायकांना रस्त्यात गाठले आणि अंगावरचे कपडे फाडले. विणकराचे पोट रिकामे होते, हे खरे. पण हात पडला तो बाईवर. ज्याने नफा खाल्ला, त्या व्यापाऱ्याच्या केसालाही धक्का लागला नाही.

हे वाचले तेव्हा आमची मान खाली गेली. एका संपात कामावर निघालेल्या एका बाईला आम्हीच फाटकात अडवून नाही नाही ते बोललो होतो. तिच्या घरी दोन दिवस चूल पेटली नव्हती, हे मागाहून समजले. मालकापुढे तोंड उघडण्याचे धैर्य आम्हांस त्यानंतर आले. तिची क्षमा मागितली; ती नुसती "बरं" म्हणाली.

यंत्रमागावर मजुरी पिकावर, म्हणजे इंचातल्या आडव्या धाग्यांवर, मोजतात. धाग्याचा हिशेब चोख ठेवला जातो. नेसणाऱ्यांची नावे बखरींत आली, विणणाऱ्यांची फारशी आली नाहीत. तेव्हा भगिनींनो, सणासाठी लुगडे घेताना त्याचा पोत बोटांनी चाचपून पाहाल, त्या वेळी म्हातारीचा प्रश्न दुकानदाराला एकवार विचारा. त्याला उत्तर देता येणार नाही, पण प्रश्न त्याच्या कानी पडू द्या.