ओलाव्यापासून त्वचेचे रक्षण : मलमांची कसोटी
(भाषणाचा मजकूर)



मृगाच्या सरी कोसळल्या की आदिलाबाद जिल्ह्यातील इंद्रवेल्लीच्या काळ्या शिवारात कपाशीची कामे सुरू होतात. निंदण करणाऱ्या स्त्रीचे पाय दिवसभर चिखलात असतात. सायंकाळी बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढुरकी, मऊ व सुरकुतलेली दिसते. हीच चिखल्यांची सुरुवात होय. पुढे भेगा पडतात, त्यांतून जंतू शिरतात आणि ऐन हंगामात मजुरी बुडते.

त्वचेचा सर्वांत वरचा थर भिंतीसारखा असतो : मृत पेशी या विटा आणि त्यांमधील स्निग्ध द्रव्य हा चुना. दीर्घकाळ भिजल्याने हा थर फुगतो, बंध सैल होतात व थोड्याशा घर्षणानेही तो फाटतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची त्वचा मलमूत्राच्या ओलाव्याने अशीच बिघडते.

यावर मलमांचा उपाय जुना आहे. पहिल्या महायुद्धात खंदकांतील ब्रिटिश सैनिक पायांना देवमाशाचे तेल चोळीत. पुढे व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याने सिलिकोनयुक्त मलमाच्या चाचण्या घेतल्या. परंतु मलम खरोखरच रक्षण करते की नाही, हे डब्यावरील मजकुरावरून ठरत नाही. त्यासाठी कसोटी लागते.

या कसोटीत निरोगी स्वयंसेवकांच्या त्वचेच्या एका भागास मलम लावतात व शेजारचा भाग तसाच ठेवतात. दोन्ही भाग ओल्या पट्टीखाली झाकून ठेवतात. नंतर त्वचेत मुरलेला ओलावा आणि त्वचेतून बाहेर पडणारी वाफ यंत्राने मोजतात. दुसऱ्या चाचणीत साबणासारखे दाहक द्रव्य लावून लाली किती येते ते पाहतात. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा मलमे 18 स्वयंसेवकांवर अशी तपासली गेली. पेट्रोलियम जेलीवर आधारलेल्या मलमाने दाह व भिजणे या दोहोंपासून रक्षण केले. जस्तभस्मयुक्त मलम दाह रोखण्यात उपयोगी ठरले, पण भिजणे रोखण्यात उणे पडले. म्हणजेच एका परीक्षेत उत्तीर्ण झालेले मलम दुसरीतही उत्तीर्ण होईलच असे नाही.

म्हणून शेतावर जाण्यापूर्वी कोरड्या, अखंड त्वचेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. घरी परतताच पाय स्वच्छ धुऊन बेचक्या नीट पुसाव्यात व रात्रभर कोरड्या ठेवाव्यात. मलम हे कोरडे राहण्याला पर्याय नव्हे. त्वचा आधीच चिरली असेल, खाज वा दुर्गंधी असेल, तर जाड मलमाखाली ओलावा कोंडू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात पाय दाखवावेत. मधुमेही व्यक्तीने तर एक दिवसही दवडू नये.

कपाशीची काळजी पानोपान घेणाऱ्या शेतकऱ्याने स्वतःच्या पावलांकडेही रोज सायंकाळी एकदा पाहावे. सारा हंगाम त्यांच्यावरच उभा असतो.