नळ आले, तरी ज्वर आला

लंडनच्या दक्षिणेचे क्रॉयडन हे मूळचे सरे परगण्यातील बाजारगाव. १८३९ साली तेथे लंडनहून आगगाडी आली आणि वस्ती वाढू लागली. १८५१ मधील सुमारे २० हजारांची लोकसंख्या १९०१ पर्यंत १ लाख ३४ हजारांच्या घरात गेली.

१८४८ चा सार्वजनिक आरोग्य कायदा होताच पुढील वर्षी येथे स्थानिक आरोग्य मंडळ स्थापन झाले. १८५१ पासून विहिरीचे पाणी पंपाने चढवून नळाने देण्यात येऊ लागले. जोडीला भाजलेल्या मातीच्या, लहान व्यासाच्या नळांची भुयारी गटारे घातली गेली. त्या काळच्या सुधारकांचा या नळांवर मोठा भरवसा! परंतु १८५२ च्या सुमारास नगरात ज्वराची साथ उसळली. सरकारने डॉ. नील आर्नॉट व अभियंता टॉमस पेज यांना चौकशीस पाठविले. गटारांचे नळ तुंबत होते. विषमज्वराचा जंतू १८८० साली प्रथम दिसला. तोवर दोष बहुधा दुर्गंधीला दिला जाई.

शिवाय घरातून गेलेला मैला वॅन्डल नदीत उतरे. काठच्या मालकांनी मंडळास न्यायालयात खेचले, तेव्हा कोठे बेडिंग्टनच्या शेतात सांडपाणी मुरवून गवत पिकविण्याची व्यवस्था झाली. एवढे होऊनही १८७५ साली विषमज्वर परतलाच.

पुढे १९३७ साली तेथील एका विहिरीत दुरुस्ती चालू असता पाण्यात क्लोरीन मिसळणे बंद ठेवले गेले. कामगारांपैकी एक जण रोगवाहक होता. त्या साथीत ४३ माणसे दगावली.