घाटात खालचा गिअर कशाला?

पोलादपूरहून महाबळेश्वरला आंबेनळी घाट चढणारी एसटी आठवा. वळण आलं की चालक क्लच दाबून गिअर उतरवतो. इंजिन गुरगुरतं, वेग पडतो. पण खच्चून भरलेली बस चढते.

गणित दातांचं आहे. इंजिनाकडचं दातेरी चाक १२ दात्यांचं आणि त्यात अडकलेलं पुढचं ३६ दात्यांचं असेल, तर लहान चाकाच्या तीन फेऱ्यांत मोठं एकदाच फिरतं. फिरण्याचा वेग एक तृतीयांश, फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, जवळजवळ तिप्पट. ‘जवळजवळ’ अशासाठी की थोडी शक्ती घर्षणात, गिअरबॉक्समधलं तेल तापवण्यात जातेच. गिअर नवी शक्ती निर्माण करत नाही. वेग देऊन जोर घेतो, इतकाच रोखीचा व्यवहार. पुढे चाकांच्या आसावरच्या डिफरन्शिअलमध्ये वेग आणखी कमी होतो, तिथे मात्र चालकाची निवड चालत नाही.

उतारावर चाकंच इंजिनाला फिरवू लागतात आणि इंजिन त्यांना अडवतं. ब्रेकवरचा भार हलका होतो. म्हणून घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडू नका. ज्या गिअरवर चढलात, साधारण त्याच गिअरवर उतरा.